लोंगेवाला कोणी राखलं?

४ डिसेंबर १९७१च्या रात्री भारताच्या पश्चिम सीमेवर दोन लढाया झाल्या. पहिली समुद्रात. निर्घात, निपात आणि वीर या नौदलाच्या तीन क्षेपणास्त्र नौका कराचीच्या तोंडाशी पोहोचल्या आणि त्यांनी पाकिस्तानची खैबर ही विनाशिका, मुहाफिज ही सुरुंग काढणारी नौका आणि एक मालवाहू जहाज बुडवलं. दुसरी लढाई वाळवंटात. मध्यरात्र उलटल्यावर पाकिस्तानी रणगाडे जैसलमेरच्या रोखाने आत शिरले आणि लोंगेवालाच्या ठाण्यासमोर येऊन ठेपले. तिथे २३ पंजाब पलटणीची एक कंपनी होती, जेमतेम सव्वाशे माणसं. ज्या घरातला माणूस तेव्हा नौदलात होता, त्या घरी ४ डिसेंबर म्हणजे कराची. नौदल दिनही त्याच तारखेला साजरा होतो. ज्या घरातला माणूस पायदळात होता, त्या घरी डिसेंबर म्हणजे लोंगेवाला, हिली किंवा बसंतर. आणि हवाई दलातल्या माणसाच्या घरी लोंगेवालाची आठवणसुद्धा वेगळी आहे. ती रात्रीपासून नव्हे, दुसऱ्या दिवशीच्या उजाडण्यापासून सुरू होते. युद्ध एकच, पण घरोघरी ते गणवेशाच्या रंगाप्रमाणे वाटलं गेलं आहे.

भूदल, नौदल आणि हवाई दल यांच्यातली चुरस हा विषय आपण एक तर मेसमधल्या थट्टेवारी घालवतो, नाहीतर दिल्लीतल्या फायलींचा म्हणून सोडून देतो. माझ्या मते तो घराघरातला विषय आहे. आपल्याकडे युद्धांच्या नोंदी सामान्य माणसाला दशकानुदशकं पाहायला मिळत नाहीत. त्यामुळे सातारा-सांगली-कोल्हापूरच्या गावांमधून, कोकणपट्टीतून किंवा पुण्याच्या पेठांमधून युद्धाचा इतिहास लोकांना कळतो तो मुख्यतः घरच्या माणसाकडून: रजेवर आलेल्या काकांकडून, पेन्शनवर आलेल्या आजोबांकडून. तो माणूस एकाच दलात असतो, एकाच पलटणीत किंवा एकाच जहाजावर असतो. त्याने जे पाहिलं ते फार थोडं असतं, आणि थोडं असतं म्हणूनच भक्कम असतं. त्या थोड्या गोष्टीवरून जेव्हा सगळ्या लढाईचा निकाल लावला जातो तेव्हा तंटा सुरू होतो. असा निकाल लावणारा बहुतेक वेळा तो सैनिक नसतोच. दलांची आपापली इतिहासपुस्तकं, सिनेमे आणि वर्तमानपत्रांतले वाद हे काम करतात, आणि मग तोच निकाल घरच्या आठवणीत परत येऊन बसतो. म्हणून घरच्या आठवणीला साक्षीचा मान द्यावा, निकालाचा देऊ नये, असं माझं म्हणणं आहे. ते पडताळायला लोंगेवालासारखं दुसरं उदाहरण नाही.

तिथे काय घडलं याचा सांगाडा पुरेसा स्पष्ट आहे. कंपनीचे प्रमुख मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांना वरून दोन पर्याय दिले गेले: ठाणं धरून बसा किंवा मागे या. त्यांनी ठाणं धरलं. रणगाडे दिसेपर्यंत सुरुंग पेरायला पुरेसा वेळ नव्हता. घाईघाईने काही पेरले गेले. ठाण्याभोवती काटेरी तार होती. ती पाहून पाकिस्तानी तुकड्यांना पुढे सुरुंगक्षेत्र असावं असा संशय आला आणि त्यांचा बराच मोलाचा वेळ गेला. जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस गनने काही रणगाडे टिपले. रात्रभर कंपनी हलली नाही. जैसलमेरच्या तळावर मोजकी हंटर विमानं होती आणि अंधारात त्यांना या लढाईत उतरता येत नव्हतं. उजाडल्यावर ती आली. वाळूत लपायला जागा नसलेले आणि डोक्यावर स्वतःचं एकही विमान नसलेले रणगाडे त्यांनी दिवसभर एकेक करून फोडले. हंटरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली त्या दिवसाची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. त्यांत वाळूवर रणगाड्यांच्या पट्ट्यांच्या खुणा वेड्यावाकड्या वर्तुळांत फिरलेल्या दिसतात. वरून येणारा मारा चुकवायला चालकांनी रणगाडे गरगरा फिरवले होते, आणि कित्येक वर्तुळांच्या शेवटी जळालेला रणगाडा उभा आहे. रामगढला जेवू आणि जैसलमेरला रात्रीचा मुक्काम करू अशा हिशेबाने निघालेली फौज लोंगेवालाच्या पुढे गेलीच नाही.

वाद पेटला तो पुढे कित्येक वर्षांनी. त्या वेळी जैसलमेर तळाचे प्रमुख असलेले एम. एस. बावा, पुढे एअर मार्शल, आणि त्या दिवशी कृषक या हलक्या विमानातून हंटरना लक्ष्य दाखवणारे आत्मासिंग, पुढे मेजर जनरल, या दोघांनी जाहीरपणे मांडलं की लोंगेवालाची लढाई विमानांनी जिंकली आणि जमिनीवरच्या कंपनीचं कर्तृत्व फुगवून सांगितलं गेलं. चांदपुरी यांना हे अर्थातच मान्य नव्हतं, आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. या वादातली सर्वांत बोलकी गोष्ट मात्र फारशी कोणी लक्षात घेत नाही. आत्मासिंग हे हवाई दलाचे नव्हते, भूदलाचे होते. तोफखान्याला नेम दाखवणाऱ्या हलक्या विमानांचे वैमानिक तेव्हा भूदलाचेच असत. भूदलाच्या एका अधिकाऱ्याने भूदलाच्याच दुसऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध हवाई दलाची बाजू घेतली, कारण त्यांनी ती लढाई वरून पाहिली होती. रात्री ते तिथे नव्हते; सकाळी होते, आणि वरून दिसत होते ते फुटणारे रणगाडे. म्हणजे आठवण गणवेशाप्रमाणे ठरत नाही. माणूस कुठे होता आणि किती वाजता होता, यावर ती ठरते. गणवेशाचा वाद तिच्यावर नंतर चढवला जातो.

‘दोघांचंही खरं’ असं म्हणून हात झटकणं मला पुरेसं वाटत नाही. पुरावा त्याहून अधिक सांगतो. रणगाडे थांबवले कोणी आणि मोडले कोणी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सकाळी विमानं आली तेव्हा रणगाडे अजून लोंगेवालाच्या आसपासच होते, रामगढच्या रस्त्याला लागले नव्हते. याचं श्रेय कंपनीच्या टिकून राहण्याला आहे, आणि त्याबरोबर वाळूला, तारेला आणि पाकिस्तानच्या ढिसाळ टेहळणीलाही आहे. मोडलेल्या रणगाड्यांपैकी बहुतेक विमानांनी मोडले, हे छायाचित्रं सांगतात. कंपनी नसती तर विमानांना सकाळी लक्ष्य कुठे सापडलं असतं हे सांगता येत नाही. विमानं नसती तर कंपनी दुपारपर्यंत टिकली असती असं मानायला जागा नाही. सीमेच्या पलीकडे हेच भांडण उलट्या अंगाने झालं. त्या भागात विमानांचं छत्र देता येणार नाही हे पाकिस्तानी हवाई दलाने आधी सांगितलं होतं का, सांगूनही भूदलाने रणगाडे का पाठवले, यावर तिथे वर्षानुवर्षं दोषारोप होत राहिले. चुरशीची किंमत त्या दिवशी पाकिस्तानच्या रणगाडा दलाने मोजली.

मग १९९७ साली ‘बॉर्डर’ आला, आणि लोंगेवाला म्हटलं की बहुसंख्य भारतीयांच्या डोळ्यांसमोर तो सिनेमाच उभा राहू लागला. दिग्दर्शक जे. पी. दत्ता यांचे बंधू हवाई दलात होते. तरीही विमानं पडद्यावर येतात ती शेवटी, सुटकेसारखी. सिनेमात ठाण्यावरची माणसं एकामागून एक कोसळतात. प्रत्यक्षात त्या रात्री कंपनीचे दोन जवान गेले. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड सिनेमात वीरमरण पत्करतात. खरे भैरोसिंग त्या रात्री लढून जिवंत परतले, त्यांना सेना पदक मिळालं आणि २०२२च्या डिसेंबरात जोधपूरच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. पडद्यावर जे २५ वर्षं हुतात्मा होते ते त्या २५ वर्षांत आपल्या गावी राहत होते. ते ज्या सीमा सुरक्षा दलाचे होते, ते भूदलाचंही नाही आणि हवाई दलाचंही नाही. ते गृहखात्याच्या ताब्यात असतं. श्रेय भूदलाचं की हवाई दलाचं या वादात तिसऱ्याच दलाचा माणूस विसरला गेला. चुरशीतल्या इतिहासाचा हा दोष कायमचाच आहे. दोन बाजू ठरल्या की त्या दोन्हींत न बसणारा माणूस बाहेर पडतो.

ही चुरस १९७१ची नाही. त्याआधीच्या युद्धाने ती जास्त कडू केली होती. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानने छांब भागात रणगाड्यांनिशी मुसंडी मारली. दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख जनरल चौधुरी हवाई मदत मागायला संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांकडे आले. चव्हाणांनी तिथल्या तिथे परवानगी दिली आणि सुमारे तासाभरात पठाणकोटहून विमानं उडाली. दिवस मावळायला आला होता, खाली दोन्ही फौजा एकमेकींत मिसळल्या होत्या आणि जमिनीवरून वैमानिकाला वाट दाखवण्याची नीट व्यवस्था नव्हती. त्या संध्याकाळी हवाई दलाची चार व्हॅम्पायर विमानं पडली, आणि विमानांच्या माऱ्यात आपल्याच काही तुकड्याही सापडल्या. आता या संध्याकाळच्या घरोघरच्या आठवणी काय असतील ते पाहा. छांबला असलेल्या जवानाची साक्ष: आपल्याच विमानांनी आपल्यावर गोळ्या झाडल्या. पठाणकोटला असलेल्या वैमानिकाची साक्ष: ऐन वेळी बोलावलं, जुनी विमानं देऊन पाठवलं, मित्र परतले नाहीत. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. दोष ज्या गोष्टीचा होता, म्हणजे दोन दलांनी युद्धाची आखणी एकत्र बसून न करण्याचा, ती या दोघांपैकी कोणालाच आपल्या जागेवरून दिसली नसती.

आणि नौदल? त्या युद्धात त्याला बहुतेक बाजूलाच ठेवलं गेलं. नौदलप्रमुख होते व्हाइस अ‍ॅडमिरल भास्कर सदाशिव सोमण. विमानवाहू नौका विक्रांत मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला होती. ७-८ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या आणि ती निघून गेली. सोमण यांना प्रत्युत्तर द्यायचं होतं, पण पोरबंदरच्या वर जायचं नाही असा सरकारचा आदेश होता. त्यांचा विरोध चालला नाही. मुंबईत धक्क्याला असलेल्या खलाशांच्या मनात त्या युद्धाची आठवण लढाईची राहिली नाही, थांबवलं गेल्याची राहिली. १९७१ला नौदल कराचीवर चालून गेलं त्यामागे द्वारकेचा सल होता, हे त्या पिढीच्या अधिकाऱ्यांनी लपवलेलं नाही. चुरस आणि दुखावलेला मान यांतून पराक्रमही घडतो, हे इथे मान्य केलं पाहिजे. मात्र त्याच कराचीवरून पुढे नवा तंटा उभा राहिला. केमारीच्या तेलाच्या टाक्या कोणी पेटवल्या? जामनगरहून गेलेल्या हंटरनी की नौदलाच्या क्षेपणास्त्रांनी? नौदलप्रमुख नंदा आणि हवाई दलप्रमुख प्रतापचंद्र लाल या दोघांच्याही आठवणींची पुस्तकं आहेत, आणि त्यांतला कराचीचा सूर एक नाही. लाल यांचं पुस्तक त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी इला लाल यांनी संपादित करून १९८६ला प्रसिद्ध केलं. तिथे दलाची बाजू आणि घरची आठवण एकाच बांधणीत आली आहे.

१९७१ची सर्वांत वेदनादायक चूक पूर्वेकडे झाली, आणि तिच्यात एक मराठी अधिकारी अगदी केंद्रस्थानी होते. कमांडर मोहन नारायण सामंत हे पनवेल या लहानशा नौकेसह मुक्तिवाहिनीच्या पद्मा आणि पलाश या दोन नौका घेऊन नदीमार्गे खुलनाकडे निघाले होते. आपल्या विमानांना ओळख पटावी म्हणून नौकांवर पिवळी खूण केलेली होती. १० डिसेंबरला आपल्याच नॅट विमानांनी पद्मा आणि पलाशवर हल्ला केला. पलाशच्या इंजिनघरातले रुहुल अमीन यांनी नौका सोडायला नकार दिला. त्या दिवशी ते गेले. बांगलादेशाने त्यांना बीरश्रेष्ठ हा आपला सर्वोच्च वीरसन्मान दिला. सामंतांना महावीरचक्र मिळालं. पण त्यांनी मुक्तिवाहिनीच्या पाणबुड्यांना शिक्षण देऊन पाकिस्तानी बंदरांमध्ये जी कामगिरी घडवली होती, ती इतकी गुप्त ठेवली गेली होती की तिचा सविस्तर वृत्तांत पुस्तकरूपाने यायला २०१९ साल उजाडलं. जवळजवळ अर्धशतक ही हकिकत काही अधिकाऱ्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या स्मरणातच राहिली. अशा वेळी घरची आठवण केवळ भावनेचा विषय राहत नाही. दुसरं दप्तरच लोकांसमोर नसतं.

याच्या अगदी उलट उदाहरणही त्याच युद्धातलं आहे, आणि ते सांगितलं नाही तर चित्र एकांगी होईल. ११ डिसेंबरला टांगाइलजवळ २ पॅरा ही पलटण विमानांतून उतरवली गेली. ही पलटण मूळची मराठ्यांची. तिच्या अधिकृत नावात आजही मराठा हा उल्लेख आहे. जवान भूदलाचे, विमानं हवाई दलाची, आणि कारवाई त्या युद्धातल्या सर्वांत सुरळीत कारवायांपैकी एक. हे आपोआप घडलं नाही. भूदलाच्या ईस्टर्न कमांडचं मुख्यालय कोलकात्याला, हवाई दलाचं शिलाँगला आणि नौदलाचं विशाखापट्टणमला होतं. १९६५च्या अनुभवावरून शहाणं होऊन हवाई दलाने आपलं आघाडीचं मुख्यालय कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये आणलं, म्हणजे दोन्ही दलांचे आखणी करणारे अधिकारी एकाच आवारात बसू लागले. खोल्या जवळ आल्या आणि काम सुधारलं. दलांमधला दुरावा स्वभावाचा नसून रचनेचा आहे, याचा यापेक्षा सरळ पुरावा मला ठाऊक नाही.

रचनेचा मुद्दा खडकवासल्याला पाहिला की आणखी उघड होतो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत १९५५पासून तिन्ही दलांचे छात्र तीन वर्षं एका छपराखाली राहतात, एकत्र धावतात, एकत्र शिक्षा भोगतात. या मैत्र्या आयुष्यभर टिकतात. तरीही चुरस संपत नाही, कारण प्रबोधिनीतून बाहेर पडल्यावर बढती आपल्या दलात मिळते, पैसा दलाच्या नावाने येतो आणि देशभर १७ वेगवेगळ्या कमांड आहेत: भूदलाच्या सात, हवाई दलाच्या सात, नौदलाच्या तीन. सन्मानांची वाटणीही सारखी दिसत नाही. आजवरच्या २१ परमवीरचक्रांपैकी २० भूदलाची आहेत, एक हवाई दलाचं. नौदलाचं एकही नाही. भूदल फार मोठं आहे आणि समोरासमोरच्या लढाया त्यालाच जास्त लढाव्या लागतात, हे खरं. पण खुकरी या नौकेबरोबर १९७१ला १९४ जण दीवजवळच्या समुद्रात गेले, आणि शाळेच्या पुस्तकात त्यांच्यासाठी सहसा एक ओळ असते. आपल्या माणसाचं मरण देशाच्या स्मरणात पुरेसं नाही, असं त्या घरांना वाटलं तर त्यांना दोष कसा द्यायचा?

१९९९ला कारगिलमध्ये एका युद्धाला तीन नावं पडली. भूदलाचं ऑपरेशन विजय, हवाई दलाचं सफेद सागर, नौदलाचं तलवार. मे महिन्यात भूदलाने सशस्त्र हेलिकॉप्टरं मागितली; हवाई दलप्रमुख अनिल यशवंत टिपणीस यांचं म्हणणं होतं की त्या उंचीवर हेलिकॉप्टरं सहज बळी पडतील आणि हवाई दल वापरायचं तर सरकारची मंजुरी हवी. २६ मे रोजी विमानांचे हल्ले सुरू झाले. पुढच्या दोन दिवसांत दोन लढाऊ विमानं आणि एक एमआय-१७ हेलिकॉप्टर गमावलं. त्यानंतर पद्धत बदलली, मिराज विमानं आली आणि मुंथो ढालोचा पाकिस्तानी तळ उद्ध्वस्त झाला. लष्करप्रमुख वेदप्रकाश मलिक यांनी २००६ला आपली बाजू पुस्तकात मांडली, टिपणीस यांनी आपली बाजू लेखातून मांडली. या दोघांचं लेखन शेजारी ठेवून वाचलं तर कळतं की दोघंही आपापल्या कार्यालयातून दिसलेलं प्रामाणिकपणे सांगत आहेत. पण वाचक ते शेजारी ठेवत नाही. घरात जे दल असेल त्याचं पुस्तक घरात येतं.

या सगळ्यावर घेतला जाणारा पहिला आक्षेप असा की पलटणीचा अभिमान हेच सैनिकाचं बळ. तो मोडला तर लढणार कोण? हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. माणूस नकाशासाठी मरत नाही, शेजारच्या खंदकातल्या माणसासाठी मरतो, हे खरं आहे. पण पलटणीचा अभिमान आणि दुसऱ्या दलाबद्दलचा आकस यांचा एकमेकांशी संबंध नाही. मेजर जनरल इयान कार्डोझो जन्मले मुंबईत, पलटण गोरखा रायफल्स, १९७१च्या युद्धात त्यांनी पाय गमावला. खुकरीच्या वाचलेल्या खलाशांच्या कहाण्या गोळा करून पुस्तक लिहिलं ते या भूदलाच्या अधिकाऱ्याने. त्याने त्यांचा गोरखा अभिमान कमी झाला असं कोणी म्हणेल का? दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे: अशी चिकित्सा हुतात्म्यांचा अपमान करते. मला उलट वाटतं. भैरोसिंगांना जिवंतपणी हुतात्मा करणं हा अपमान होता. घडलं तेवढंच सांगणं हा मान आहे.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा. घरच्या आठवणी पिढीगणिक फुगत जातात, त्यांवर विसंबायचं कशाला? यात तथ्य आहे. जर्मनीत हाराल्ड वेल्त्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० कुटुंबांशी बोलून केलेला एक अभ्यास २००२ला प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की आजोबांनी स्वतः जे सांगितलं होतं ते नातवंडांच्या तोंडी येईपर्यंत आजोबांना निर्दोष आणि शूर करणारं होऊन जातं. आपल्याकडे प्रश्न गुन्हे झाकण्याचा नाही, पण फुगण्याची रीत तीच. मात्र या आक्षेपात गृहीत धरलं जातं की कागद निःपक्षपाती असतो. युद्धातली रोजची नोंद पलटण लिहिते, विमानाचा अहवाल स्क्वाड्रन लिहितं, जहाजाची वही जहाज लिहितं. कागदसुद्धा गणवेश घालूनच येतो. फरक एवढाच की कागद पडताळता येतो, कारण त्यावर तारीख आणि वेळ असते. म्हणून घरच्या आठवणीलाही तारीख आणि वेळ द्यावी. मग तीही पडताळता येईल.

हा भार एकट्या घरांवर टाकणं मात्र अन्यायाचं आहे. हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा १९६२च्या पराभवावरचा अहवाल सरकारने आजही प्रसिद्ध केलेला नाही. १९७१चा अधिकृत इतिहास लिहून झाल्यावरही वर्षानुवर्षं बाहेर आला नाही. २००० साली त्याची प्रत वर्तमानपत्रातून फुटली तेव्हा लोकांना तो पाहायला मिळाला. संरक्षण खात्याने जून २०२१ मध्ये धोरण जाहीर केलं की युद्धाच्या नोंदी सर्वसाधारणपणे २५ वर्षांत खुल्या केल्या जातील. त्या हिशेबाने १९६५ आणि १९७१चेच नव्हेत तर कारगिलचेही कागद आता खुले व्हायची वेळ आली आहे. शत्रूला माहिती मिळेल हे कारण पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या व्हॅम्पायर विमानांना लागू पडत नाही. कागद बंद राहिले की त्यांची जागा सिनेमा घेतो.

१९७१ला विशीत असलेले जवान, खलाशी आणि वायुसैनिक आज सत्तरी ओलांडून ऐंशीकडे चालले आहेत. तुमच्या घरात किंवा गल्लीत असं कोणी असेल तर या महिन्यातच त्यांच्याजवळ बसा. युद्ध कोणी जिंकलं हे विचारू नका. तुम्ही त्या दिवशी कुठे होता, किती वाजता, सोबत कोण होतं, काय दिसलं, काय ऐकू आलं, एवढं विचारा. आणि त्यांनी स्वतः पाहिलेलं एका पानावर, इतरांकडून ऐकलेलं दुसऱ्या पानावर लिहून घ्या. ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक, ५६ एपीओ किंवा फ्लीट मेल ऑफिसचा पत्ता असलेली जुनी पत्रं, पदकांसोबतचे कागद यांचे फोटो काढून ठेवा आणि प्रत्येकावर तारीख घाला. मग दुसऱ्या दलातल्या एखाद्या शेजाऱ्याकडे जा आणि त्याच दिवसाबद्दल त्यांनाही विचारा.